हुसेन मिस्त्रीचा हात

गाडीचं मागचं दार उघडलं आणि लालासाब मिस्त्री नाक दाबून दोन पावलं मागं सरला. चाळीस वर्षं मोटारींच्या पोटात हात घालून काढलेला माणूस. जळकं तेल, सडकं पाणी, रेडिएटरला चिकटून वाळलेली पाल, असलं काय काय त्यानं रोज पाहिलेलं. पण या वासानं त्याच्या घशाशी आलं. मागच्या सीटमध्ये उंदरांनी पिढ्यानपिढ्या संसार मांडला होता. काथ्याचा भुगा, त्यात लेंड्या, त्यात वाळून चिंधी झालेली पिल्लं, आणि या सगळ्यावर मळीचा आंबूस दर्प. गाडी इतकी वर्षं गुऱ्हाळामागच्या शेडमध्ये पडून होती म्हणे. ज्यांच्या दारात चार-चार नव्या गाड्या उभ्या, त्यांना या एकीवर ताडपत्री टाकायचीही शुद्ध राहिली नव्हती.

“व्हिंटेज हाय मिस्त्री, व्हिंटेज!” पृथ्वीराज नाकाला रुमाल लावून लांबूनच ओरडला. “असली डॉज अख्ख्या जिल्ह्यात न्हाय. आमच्या आबासाहेबांनी मुंबईस्नं कोरी करकरीत आणलेली.”

हा पृथ्वीराज म्हणजे एका साखर कारखान्याचा तरणा डायरेक्टर. परीटघडीचा पांढरा शर्ट, गळ्यात दोरीएवढी साखळी, हातात मोबाईल आणि दाढेखाली मावा. बोलता बोलता तो गॅरेजच्या कोपऱ्यात पिचकारी मारायचा आणि वर ‘स्वच्छता ठेवा की जरा’ म्हणून हसायचा. त्याचे आजोबा आबासाहेब जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. येत्या जानेवारीत, म्हणजे दोन हजार तीन साली, त्यांची जन्मशताब्दी. मिरवणुकीत सगळ्यांत पुढं ही गाडी चालणार, तिच्यात आबासाहेबांचा फोटो बसणार, आणि मग ती घराण्याच्या कॉलेजसमोर काचेच्या खोलीत कायमची उभी राहणार, असा बेत होता.

लालासाबला माणूस आवडला नाही, पण काम आवडलं. पुण्या-मुंबईत नावाजलेली गॅरेजं असताना हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये आला, याचं त्याला मनातून फार बरं वाटलं होतं. “दुसऱ्या कुनाकडं न्यायचीच न्हाय ही गाडी,” पृथ्वीराज म्हणाला होता. “हुसेन मिस्त्रीच्या घरातच न्यायची. आबांचं सांगनं हुतं.” ते ऐकून लालासाब दोन दिवस छाती काढून हिंडला. घरी बायकोला, सलिमाला, त्यानं ते तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा तिनंच हात जोडले.

हुसेन मिस्त्री म्हणजे लालासाबचा बाप. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी जुने ड्रायव्हर गॅरेजवरून जाताना हटकून म्हणायचे, “हात चांगला हुता तुझ्या बापाचा.” त्या हाताच्या पुण्याईवर आपण जगतो हे लालासाबला ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाज नव्हती, उलट मिजास होती. बापानं मागं दोन गोष्टी ठेवल्या होत्या, एक नियम आणि एक पेटी. नियम असा, की जुनी गाडी दारात आली की आधी तिची ओळख पटवायची, तोवर पाना लावायचा नाही. चासीवर ठोकलेला नंबर साफ करायचा, त्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासायची, उमटलेला छाप वहीत चिकटवायचा, कागदपत्रांशी ताडायचा. मूळ रंग कुठला, इंजिन तिचंच का, दारं तिचीच का, सगळं पाहायचं. “गाडी कुनाची ते कळल्याबिगर हात लावशील तर हात झडतील,” असं हुसेन मिस्त्री म्हणायचा. ते म्हणताना त्याचा चेहरा असा काही व्हायचा, की पोरवयात लालासाबला खरंच आपल्या बोटांची काळजी वाटायची.

पेटी होती नंबर ठोकायच्या पंचांची. बोटाएवढे पोलादी पंच, एकेकाच्या टोकाला एकेक इंग्रजी आकडा. गाडी खोलली की सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर खूण करायला, पान्यांवर नंबर टाकायला ते कामी यायचे. त्यातल्या तिनाची खालची शेपटी तुटलेली होती. भिंतीवर टांगलेल्या ज्या ज्या पान्यावर तीन होता, तो असा शेपूटतुटका. नवा पंच आणावा असं लालासाबच्या कधी मनात आलं नाही. बापाची सही असावी तसा तो तीन त्याला वाटायचा.

“खंडेनवमीला हितंच नारळ फोडू,” पृथ्वीराज म्हणाला. “गावची पंधरा-वीस मानसं आणतो, पेपरवाले आणतो. तवर तुमची ती वळकबिळक काय असंल ती उरकून घ्या.”

गाडीचं पुस्तक त्यानं दिलं होतं. त्यात आबासाहेबांचं नाव, नोंद एकोणीसशे बासष्टची, चासी नंबराचे शेवटचे आकडे ३३१३. गाडीचं मॉडेल मात्र एक्कावन्नचं.

“मधली अकरा वर्षं कुठं हुती, दादा? मुंबईस्नं आणल्याची कायतरी पावती असंल की.”

“आबांचा शब्द हाय न्हवं! पावती कसली मागताय?” असं म्हणून त्यानं कोपऱ्यात आणखी एक पिचकारी मारली आणि गेला.

चासीचा नंबर लगेच सापडला नाही. इंजिनाशेजारी, स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या पट्टीवर कुणीतरी डांबर थापून ठेवलं होतं, वाळून दगड झालेलं. लालासाबनं त्यावर डिझेलचे बोळे दाबून ठेवले आणि तोवर गाडीभोवती फिरून पाहायला लागला. पहिल्याच तासात त्याच्या भुवया वर गेल्या. आबासाहेबांना गाडी चालवता येत नव्हती, हे त्यांच्याच नातवानं कौतुकानं सांगितलेलं. ही गाडी लग्नकार्यालाच बाहेर निघायची, हेही त्यानंच सांगितलेलं. मग क्लचचं रबर आरशासारखं गुळगुळीत कुणाच्या पायानं झालं? ड्रायव्हरची बाजू अशी बसली होती की तिथं कुणीतरी वर्षानुवर्षं, दिवस दिवस बसून राहिलेला असणार. मागच्या दारांचे दांडे हजार हातांनी झिजलेले. लालासाबनं मनाशी म्हटलं, ही टॅक्सी होती. कोरी करकरीत म्हणे!

दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याचा पॉलिशपेपर घेतला आणि काचेच्या वरच्या पट्टीवर हलक्या हातानं घासायला सुरुवात केली. वरचा लाल रंग गेला, खाली पांढरा लागला. पांढऱ्याखाली काळा. आणि काळ्याच्या कडेला पिवळं काहीतरी दिसायला लागलं. आधी एक उभी रेघ, मग एक वेलांटी. लालासाब घासत गेला, पाणी मारत गेला. पट्टीच्या मधोमध ब्रशनं काढलेली ठसठशीत अक्षरं वर आली. ‘जय भीम.’

त्यानं शेजारच्या शेडमधल्या पिराजीला हाक मारली. पिराजी सत्तरीचा, ट्रकांवर नावं रंगवण्यात हयात घालवलेला पेंटर. त्यानं चष्मा पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मटकन तिथंच मडगार्डवर बसला.

“आरं तिच्या! ही गणपतीची टॅक्सी न्हवं का? एसटी स्टँडाबाहीर उभी असायची. छप्पन साली त्यो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आनि आल्या आल्या माझ्या उस्तादाकडनं ही अक्षरं काढून घेतली. मी रंगाचा डबा धरून उभा हुतो की. बाळंतपणाची बाई असू दे न्हायतर तापानं फणफणलेलं प्वार, गणपतीनं कदी कुनाला न्हाय म्हटलं न्हाय.”

“मग ही आबासाहेबांकडं कशी आली?”

पिराजीनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बासष्टच्या इलेक्शनला त्येंच्या मानसांनी मतदार आणायला म्हनून नेली. ती काय परत आलीच न्हाय. गणपतीनं फिर्याद दिली, कायतरी चौकशी झाली आनि मिटलं म्हनं. मी तवा सांगलीला कामाला गेलतो, पुढचं मला म्हाईत न्हाय. येवढं ऐकलं की दारात आणली तवा तिच्यात गोमूत्र शिपडलं. चारी दारं उघडून, सीटा भिजवून. आनि तरीबी घरातलं कोन तिच्यात बसाया तयार हुईना. मग दिली ढकलून गुऱ्हाळामागं.”

लालासाब त्या अक्षरांकडं बघत राहिला. त्याला एक गोष्ट कळत नव्हती. चोरीची गाडी लपवायची तर आधी हे घासून काढायचं असतं. शिकाऊ पेंटरसुद्धा जुनी अक्षरं खरवडल्याशिवाय वर रंग मारत नाही. यांनी तशीच्या तशी ठेवून वरून दोन रंग फासले होते.

“हात कोन लावनार?” पिराजी म्हणाला. “विटाळ हुतो न्हवं त्यास्नी.”

लालासाब थुंकला. स्वतःच्या गॅरेजमध्ये तो कधी थुंकत नसे, पण थुंकला. गाडी पळवताना विटाळ नाही आणि तिच्यावरची अक्षरं पुसताना विटाळ! दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढून घ्यायचा, तो खायची किळस येते म्हणून उंदरांना टाकायचा, आणि चाळीस वर्षांनी त्याच घासाची मिरवणूक काढायची. असली माणसं दारात उभी केली, त्यांना चहा पाजला, त्यांच्या कौतुकानं छाती फुगवली, हे आठवून त्याच्या अंगावर शहारा आला. हे काम करायचं नाही, एवढं त्यानं त्या क्षणी ठरवून टाकलं. फक्त चासीचा नंबर पाहायचा आणि खोटं असेल ते पृथ्वीराजच्या तोंडावर फेकायचं.

डांबर तोवर मऊ झालं होतं. पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून खरवडून त्यानं ते काढलं, रॉकेलनं पट्टी पुसली, कागद धरला आणि पेन्सिल घासली. आकडे एकेक करून उठले. तीन. तीन. एक. तीन.

तिन्ही तिनांची शेपटी तुटलेली होती.

कागद सरकला असेल म्हणून त्यानं दुसरा घेतला, मग तिसरा घेतला. मग तो गाडीखालून बाहेर आला, भिंतीवरचा एक पाना काढला आणि त्याच्यावरच्या तिनाचा छाप घेतला. चारही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवले. पिराजी काहीतरी विचारत होता. लालासाबनं त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं.

माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला मर्यादा नसते. दिवसभर लालासाबनं बापाला वाचवायला कारणं शोधली. पंच कुणी मागून नेले असतील. तुटका तीन काय एकट्या हुसेन मिस्त्रीकडंच असतो? कदाचित पट्टीवर आधी नंबरच नसेल. शेवटी त्याला बापाचंच बोलणं आठवलं. पंच मारला की तो लोखंडाच्या पोटात मुरतो, वरून कितीही घासा, आत राहतोच. तो तडक गुजरीत गेला, ओळखीच्या सोनाराकडून बाटलीत थोडं तेजाब आणलं आणि काडीला कापूस गुंडाळून त्या पट्टीवर फिरवलं. वाफ निघाली, डोळे झोंबले. थोड्या वेळानं तुटक्या तिनांच्या मागून अंधुक, करड्या रंगाचे दुसरे आकडे वर आले. ५७०८. दोन-चार मिनिटं दिसले आणि फिके होत गेले. तेवढ्यात त्यानं ते लिहून घेतले.

घरी जाऊन त्यानं बापाची छापांची वही काढली. अगदी पहिली, जीर्ण झालेली. हजारदा चाळलेली ती वही होती, पण आजवर न पाहिलेली गोष्ट त्याला आज दिसली. वहीतला पहिला छाप त्रेसष्ट सालचा होता आणि त्यावर बापाच्या हातानं लिहिलं होतं, पान दुसरं. पहिलं पान मुळातून फाडलेलं होतं. सलिमानं ताट वाढलं होतं. रश्श्यावरच्या तर्रीकडं बघून त्यानं ताट सारलं.

“क्या हुआ जी? जी अच्छा नहीं क्या?” सलिमानं विचारलं.

“हाताला वास येतोय,” तो म्हणाला.

पिराजीकडून पत्ता काढून तो दुसऱ्या दिवशी कबनूरला गेला. गणपतीची बायको पारूबाई तिथं मुलाजवळ राहत होती. मुलगा प्रसेनजीत कामाला गेला होता. आजूबाजूला यंत्रमागांचा असा खडखडाट होता की बोलणाऱ्याला ओरडावंच लागे. पारूबाई पंचाहत्तरीची, काटक, दारात बसून कांदे निवडत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली गणपतीचा एक छोटा फोटो. पांढरी टोपी घातलेला, हसणारा.

“मी कोल्हापूरचा मिस्त्री, मावशी. गणपतरावांच्या गाडीचं जरा विचारायचं हुतं.”

“मिस्त्री?” म्हातारी हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. “मिस्त्री म्हटलं की मला येकच आठवतोय बाबा. बस.”

लालासाबनं अक्षरं सापडल्याचं सांगितलं. ते ऐकताना तिचे हात थांबले. मग ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेलं टॅक्सीचं पुस्तक घेऊन आली. चासी नंबराच्या रकान्यात शेवटचे आकडे स्वच्छ होते. ५७०८.

“आमच्या मालकांनी गुऱ्हाळामागं गाडी वळकली,” ती सांगायला लागली. “फौजदार आला, सगळं गाव गोळा झालं. मालकांनी गाडीवर हात ठेवून सांगितलं, ही माजी हाय. मग फौजदारानं कोल्हापूरचा नावाजलेला मिस्त्री बोलावला. हुसेन मिस्त्री. त्यो गाडीखाली गेला. पाच मिन्टं पडून ऱ्हायला. वर आला आनि म्हनला, नंबर मूळचाच हाय, ही गणपतीची गाडी न्हवं. आमच्या मानसाकडं बगितलंबी न्हाय त्येनं. दोगं एका स्टँडावरचं, एका बशीतला चा प्यालेलं. मग उलट आमच्याच मानसाला खोटी फिर्याद दिली म्हनून दोन दिस कोठडीत बसवलं. सुटून आलं ते पुन्यांदा स्टेरिंगला शिवलं न्हाय. हितं मागावर बसलं. मागावरच गेलं.”

खडखडाट चालूच होता. लालासाबला वाटलं, उठावं, आभार मानावेत आणि चालू पडावं. तिला काय ठाऊक आपण कोण. तो उठलाही. दारापर्यंत गेला आणि तिथं उंबऱ्यावर पाय अडकल्यासारखा उभा राहिला.

“मावशी, हुसेन मिस्त्री माझा बाप.”

पारूबाईनं त्याच्याकडं वर बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. ती त्याच्या चेहऱ्यात कुणालातरी शोधत राहिली.

“गाडी नगं मला,” ती म्हणाली. “आता तिच्यात बसून जाऊ कुठं? तुज्या बानं चारचौघांत सांगितलं, ही गणपतीची न्हवं. तू चारचौघांत सांग, हाय म्हनून. जमंल?”

“बघतो,” लालासाब म्हणाला. एसटीत बसल्यावर त्या ‘बघतो’चीच त्याला शिसारी आली. एवढं सगळं ऐकून तोंडातून निघालं काय, तर बघतो! चारचौघांत म्हणजे खंडेनवमीला. बापाचं नाव मातीत घालायचं, तेही आपल्या तोंडानं. ज्या नावावर गिऱ्हाईक येतं, ज्या नावानं जुने ड्रायव्हर सलाम घालतात, ते. पृथ्वीराजला नुसतं काम नाही म्हणून सांगितलं तर कुणाला काहीच कळणार नव्हतं. बाप कबरीत सुखी, पोरगा गॅरेजमध्ये सुखी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी पृथ्वीराज तयारी बघायला आला. लालासाबनं मनाचा हिय्या करून सांगितलं, “दादा, ही गाडी आबासाहेबांची न्हाय. चासीचा नंबर मागनं ठोकलेला हाय.”

पृथ्वीराज दचकला नाही. उलट मोठ्यांदा हसला. दातांच्या फटींतून मावा दिसला.

“म्हाईत हाय की!” तो म्हणाला. “म्हनून तर तुमच्याकडं आणली. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं नंबर बघून शंभर शंका काढल्या असत्या. तुमी कशाला काढाल? आबा जाताना माझ्या वडलांना सांगून गेलते, ह्या गाडीला हुसेनच्या घराबाहीर न्यायचं न्हाय. ते घर बोलत न्हाय.” मग त्यानं शेडच्या पत्र्यांकडं बोट फिरवलं. “ही जागा कुनी दिली तुमच्या वडलांस्नी? बासष्ट सालीच दिली न्हवं? बगा, आमी कदी बोललो तरी का? घरचीच मानसं तुमी.”

आणि त्यानं लालासाबच्या खांद्यावर हात ठेवला. मऊ, घामट, माव्याचा वास येणारा हात. लालासाबला वाटलं, खांदा तिथून कापून काढावा. दोन दिवस छाती काढून तो कशासाठी हिंडला होता ते आता कळलं. बापाच्या कसबाला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं बापाच्या मिटलेल्या तोंडाला. आणि पोरानंही तेच तोंड वारशानं घेतलं असेल अशी या माणसाला खात्री होती. खरं सांगायचं तर काल रात्रीपर्यंत ती खात्री खोटी नव्हती.

“उद्या दोन शब्द बोला मिस्त्री,” जाताना पृथ्वीराज म्हणाला. “हुसेन मिस्त्री आनि आबासाहेबांच्या दोस्तीवर.”

“बोलतो,” लालासाब म्हणाला.

खंडेनवमीला दरसाल शेडमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. पाने, हातोड्या, जॅक धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. शेजारचे हिंदू मिस्त्री यायचे, पेढे वाटायचे. हुसेन मिस्त्रीनं ती रीत कधी चुकवली नव्हती आणि पंचांची पेटी नेहमी पाटाच्या मधोमध असायची. यंदा लालासाबनं ती पाटावर ठेवली नाही. सगळ्यांच्या ते लक्षात आलं.

दहा वाजता तीन गाड्या भरून माणसं आली. पांढरे कपडे, अत्तरांचे वास, मोबाईल. एक पेपरवाला आणि एक फोटोवाला. गाडीच्या टपावर हार, पुढं सोनेरी अक्षरांची पाटी, आबासाहेबांची मोटार. काचेवरच्या पट्टीवर पृथ्वीराजच्या माणसांनी आल्या आल्या भगवं फडकं टाकलं होतं. हातानं नव्हे, काठीनं. लालासाबच्या सांगण्यावरून पिराजी पारूबाईला रिक्षातून घेऊन आला होता. ती मागं एका खोक्यावर बसली. तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

नारळ पृथ्वीराजच्या हातात होता. “आदी मिस्त्री दोन शब्द बोलतील,” तो म्हणाला.

 लालासाबनं पुढं होऊन ते फडकं ओढून काढलं.

“मी हुसेन मिस्त्रीचा पोरगा,” तो म्हणाला. आवाज चिरकला म्हणून त्यानं पुन्हा, मोठ्यांदा सांगितलं. “माझ्या बापानं बासष्ट साली गाव गोळा झालं असताना सांगितलं, की ही गाडी गणपती टॅक्सीवाल्याची न्हाय. ते खोटं हुतं. ही त्येंचीच गाडी हाय. खरा नंबर ५७०८. पुस्तक त्येंच्या मालकिणीजवळ हाय, त्या हितं बसल्यात. वरचा खोटा नंबर माझ्या बापानं ठोकला. ह्या पंचानं.”

त्यानं खिशातून तिनाचा पंच काढला, रंग उडालेल्या बॉनेटवर टेकवला आणि हातोडा घातला. टण्णकन आवाज झाला. नागड्या पत्र्यावर शेपूटतुटका तीन उमटला. शेजारी त्यानं पेन्सिलीचा छाप धरला. पेपरवाला वाकला. मग पिराजी वाकला. मग पाव्हण्यांतला एक म्हातारा वाकला, बघितलं आणि मुकाट्यानं चपला शोधायला लागला. त्याला सगळं आधीपासून माहीत असावं. बासष्टला गोळा झालेल्या गावात तोही उभा असावा.

“मिस्त्रीचं डोस्कं फिरलंय!” पृथ्वीराज ओरडला. “जागा रिकामी करायची तयारी ठेव, लालासाब!”

“ठेवली हाय,” लालासाब म्हणाला. “तशीबी हितं घाण वास येतोय.”

माणसं पांगली. नारळ न फोडताच परत गेला. फोटोवाल्यानं त्या तिनाचा फोटो काढला, छापला जाईल की नाही कुणास ठाऊक. गाडी जागीच राहिली. तिला न्यायला क्रेन लागणार होती.

पारूबाई तोवर उठून गाडीजवळ आली होती. तिनं आधी वरच्या अक्षरांवर तळवा ठेवला. मग म्हणाली, “त्यो खोटा नंबर कुठं हाय, दाव.”

लालासाबनं तिच्यासाठी बॉनेट उचललं, तिचा हात धरून खाली चासीच्या पट्टीपाशी नेला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं आंधळ्यासारखी बोटं फिरवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आकडे सारख्या उंचीचे, सारख्या अंतराचे, सुतात ओवल्यासारखे सरळ.

“येकबी तिरका न्हाय की रं,” ती म्हणाली. “हात चांगला हुता तुज्या बाचा.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. असता तर बरं झालं असतं. लालासाबनं तिचा हात हळूच सोडला, शेडमागच्या नळापाशी गेला आणि इतके दिवस घशाशी अडकलेलं सगळं तिथं ओकून टाकलं.